डावा कोपरा

विभागातील कामे आटोपली की आम्हां तिघांच्या गप्पांत साहित्याच्या जोडीने कबड्डीचा विषय निघू लागला, त्याला आता बरीच वर्षे झाली. याचे श्रेय आमच्या एका सहकाऱ्याचे. ते आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवीत असत. व्याकरण आणि महानुभाव गद्य हे त्यांचे विषय, म्हणजे वेळापत्रकात शेवटच्या तासाला ढकलले जाणारे. तरुणपणी ते तालुक्याच्या संघातून डाव्या कोपऱ्यात खेळले होते आणि गुडघा गेल्यावर अध्यापनाकडे वळले होते. मनमाड जंक्शनवर गाडीची वाट पाहता पाहता एकाच मोबाईलच्या पडद्यावर आम्ही चौघांनी प्रो कबड्डी लीगचे कित्येक सामने पाहिले. आमची नजर चढाई करणाऱ्यावर खिळलेली असे. ते मात्र म्हणत, “सर, तो काय करतो ते सगळ्यांनाच दिसतं. ह्या दोघांचे हात बघा.”

त्या हातांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद, म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोलीचे अंगण. त्यात सात जण उभे असतात. दोन टोकांना दोन कोपरे, त्यांच्या लगत दोन ‘इन’, त्यांच्या आत दोन कव्हर आणि मधोमध एक. चढाईची मुदत तीस सेकंदांची. समोर सहा किंवा अधिक बचावपटू असताना चढाई करणाऱ्याने बोनस रेषेपलीकडे पाय टेकवला आणि मागचा पाय हवेत ठेवला, तर त्याला एक गुण आयता मिळतो. तो पाय रेषेकडे झेपावतो त्याच क्षणी घोटा धरणे हे कोपऱ्याचे मुख्य काम. पण घोटा धरणे म्हणजे पकड नव्हे. घोटा धरलेला माणूस शरीर झोकून मध्यरेषेकडे ओढत जातो, आणि मध्यरेषेला त्याचे बोट लागले की पकडणाराच बाद होतो. कोपऱ्याने घोटा धरल्यावर अर्ध्या क्षणात कव्हरने छातीने वाट अडवली नाही, तर कोपऱ्याचे सारे धाडस आत्मघात ठरते. म्हणून कोपरा आणि त्याचा शेजारी एकमेकांचे हात धरून उभे असतात. या रचनेला ‘साखळी’ म्हणतात. आमचे सहकारी सांगत की हात फार घट्ट धरायचा नाही, फक्त बोटांत बोटे ठेवायची. शेजारी कधी सुटणार हे त्याच्या बोटांवरून कळले पाहिजे, डोळ्यांनी पाहायला तेवढा वेळच नसतो.

अमेरिकी फुटबॉलमध्ये ‘लाइनबॅकर’ नावाची जागा असते. पुढच्या फळीच्या मागे उभे राहायचे, समोरच्याची चाल ओळखायची आणि फट दिसेल तिथे धावून ती बुजवायची, असे त्याचे काम. त्या खेळाचे संघ हंगाम संपल्यापासून पुढचा सुरू होईपर्यंत याच जागेचा खल करीत असतात. कोणाला ठेवायचे, कोणाला सोडायचे, कोणता तरुण घ्यायचा? तिथे दरवर्षी एप्रिलच्या सुमारास नव्या खेळाडूंची निवड होते आणि आदल्या हंगामात सर्वांत तळाशी राहिलेल्या संघाला साधारणतः पहिली संधी मिळते. आपल्याकडे कबड्डीत या खलाचे रूप लिलावाचे आहे. हातोडा पडतो आणि माणसाचा रंग बदलतो. आमच्या सहकाऱ्यांना सामन्यांहून या मधल्या महिन्यांचे कुतूहल अधिक असे. त्यांच्या मते संघ मैदानावर हरतो किंवा जिंकतो, पण मोडतो किंवा घडतो तो या महिन्यांत.

या दृष्टीने पुणेरी पलटणच्या डाव्या कोपऱ्याची अलीकडची कथा वाचनीय आहे. ‘वाचनीय’ हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक वापरतो आहोत. २०२२च्या हंगामासाठी पुण्याने फझल अत्राचली या इराणी बचावपटूला १ कोटी ३८ लाख रुपयांना घेतले. इराणात कुस्तीची परंपरा जुनी आहे, आणि मातीत कमावलेली ती ताकद कबड्डीच्या कोपऱ्यात किती उपयोगी पडते हे या लीगने वारंवार पाहिले. त्याच इराणने २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या उपान्त्य सामन्यात भारताला हरवले आणि पुढे सुवर्णपदक मिळवले. फझलच्या नेतृत्वाखाली पुणे डिसेंबर २०२२मध्ये प्रथमच अंतिम फेरीत पोहोचले आणि जयपूरकडून २९-३३ असे हरले. त्यानंतर संघाने फझलला सोडले. ऑक्टोबर २०२३च्या लिलावात त्याच्या जागी दुसरा इराणी आला, मोहम्मदरझा शादलुई. किंमत २ कोटी ३५ लाख. संपूर्ण संघासाठी खर्चाची मर्यादा होती पाच कोटींची. म्हणजे जवळजवळ ४७ टक्के रक्कम एका कोपऱ्यावर.

गणिताच्या दृष्टीने हा जुगार होता. पण उरलेल्या निम्म्या रकमेत संघ भागला, कारण बाकीची मुले पुण्याने स्वतः वाढवली होती. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, नाशिक जिल्ह्यातला आकाश शिंदे, मोहित गोयत, पंकज मोहिते. बचावात गौरव खत्री, अबिनेश नदराजन, संकेत सावंत. ही मुले एकत्र खेळत होती, एकत्र हरली होती. त्यांच्यात शादलुई येऊन उभा राहिला आणि त्या हंगामाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुण्याने हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून आपले पहिले विजेतेपद मिळवले. गंमत अशी की त्या अंतिम सामन्यात पुण्याच्या बचावात डोळ्यांत भरला तो उजव्या कोपऱ्यातला गौरव खत्री. आमच्या सहकाऱ्यांनी याचा लावलेला अर्थ आम्हांला अजून आठवतो. चढाई करणारा ज्या कोपऱ्याला बिचकतो त्या कोपऱ्याची कामगिरी गुणफलकावर पूर्ण उतरत नाही. ती समोरच्या कोपऱ्याच्या नावावर जमा होते. पाठ्यपुस्तकात ज्याला अध्याहृत कर्ता म्हणतात, तसा तो वाक्यात न दिसता वाक्य चालवतो.

यानंतर पुण्याने शादलुईलाही सोडले. ऑगस्ट २०२४च्या लिलावात त्याला हरयाणाने २ कोटी ७ लाखांना घेतले. काही महिन्यांपूर्वी ज्या संघाला हरवले, त्याच संघाच्या डाव्या कोपऱ्यात तो जाऊन उभा राहिला, आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी हरयाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवून पहिले विजेतेपद पटकावले. अंतिम सामना झाला पुण्यातच, बालेवाडीला. गतविजेते पुणे त्या हंगामात पहिल्या सहांतही आले नाही.

इथपर्यंतची कथा ऐकणाऱ्याला निष्कर्ष सोपा वाटेल. कोपरा गेला की संघ गेला. जिकडे शादलुई तिकडे चषक. पण कथा इथे थांबत नाही. २०२५च्या लिलावात त्याला गुजरातने २ कोटी २३ लाखांना घेतले आणि गुजरात पहिल्या आठांत पोहोचू शकले नाही. उलट पुणे, कोपऱ्यावर तसा खर्च न करता, जुन्या मुलांना धरून साखळी फेरीत पहिल्या दोघांत राहिले आणि अंतिम फेरीत गेले. २०२४च्या पडझडीलाही दुसरे कारण होते. कर्णधार अस्लम दुखापतीने मध्येच बाहेर गेला होता. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत अंतिम सामना झाला, आणि दबंग दिल्लीने पुण्याला ३१-२८ असे हरवले. दिल्लीच्या डाव्या कोपऱ्यात कोण उभा होता? फझल अत्राचली. दोन वर्षांपूर्वी पुण्याने सोडलेला.

तर मग किंमत कशाची असते? माणसाची की साखळीची? लीगच्या जुन्या इतिहासात याचा एक प्रयोग होऊन गेला आहे. २०१५मध्ये यू मुंबाने विजेतेपद मिळवले तेव्हा तिच्या दोन कोपऱ्यांत सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर ही जोडी होती. त्यांच्या मध्ये कव्हरला आपला विशाल माने आणि जीवा कुमार. २०१६च्या लिलावात बंगळुरूने छिल्लरसाठी ५३ लाख मोजले. त्या लिलावातली ती सर्वोच्च बोली. नाडालाही त्यांनीच घेऊन कर्णधार केले. म्हणजे जोडी जशीच्या तशी विकत घेतली गेली. तरीही बंगळुरू त्या हंगामात पहिल्या चारांत आले नाही. दोन कोपरे आणता आले, पण त्यांच्यामधली चार-पाच माणसे, तो सराव, तो एकत्र हरण्याचा अनुभव मुंबईतच राहिला. आम्हांला वाटते, हा प्रयोग आणि शादलुईची कथा एकमेकांना खोडत नाहीत. चांगला कोपरा साखळीला बळ देतो हे खरे. पण साखळी आधी असावी लागते, आणि ती लिलावात मांडता येत नाही, कारण ती कोणा एकाच्या मालकीची नसते.

साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न परका वाटू नये. आपल्या वीरकाव्याची घडण चढाई करणाऱ्याभोवती झाली आहे. शाहिराला दौड लागते, झडप लागते. कोणी म्हणेल, बाजीप्रभू बचाव करणारेच होते आणि त्यांचे पोवाडे झाले. १३ जुलै १६६०ची ती खिंड मराठी मनात आहेच. पण त्या खिंडीत बाजीप्रभू एकटे नव्हते. बांदलांचे मावळे त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढत होते. त्यांना आपण ‘बांदल सेना’ म्हणून एका शब्दात ओळखतो. बचावाचे काव्य झाले तेही एका नावाचे झाले, हातांची ओळ ‘सेना’ या समूहवाचक नामात विरून गेली. समूहवाचक नाम एकवचनी चालते, असे आपण वर्गात शिकवतो. त्यातून काय हरवते हे शिकवीत नाही.

याच सहकाऱ्यांनी आम्हांला आणखी एका शब्दाकडे लक्ष द्यायला लावले. लिलावापूर्वी वृत्तपत्रांत बातमी येते, ‘अमुक खेळाडूला संघाने मुक्त केले.’ महानुभाव गद्य शिकवणाऱ्या माणसाने या शब्दावर हसावे हे साहजिक होते. ज्या शब्दासाठी परंपरेने आयुष्ये वेचली, तो शब्द आता कराराच्या कागदावर येऊन बसला. “आमच्याकडे तर याहून शुद्ध शब्द आहे,” असे ते म्हणाले होते, “कार्यमुक्त.”

इथे आमच्या स्वतःच्या अंगणाविषयी लिहिणे भाग आहे. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला घेतलेल्या तासांचेच मानधन मिळते. सुटीतील महिने त्याच्या हिशेबात नसतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी कार्यमुक्तीचे पत्र निघते, जून-जुलैत पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. मनमाडचा उन्हाळा तसाही वाट पाहण्यात जातो. नळाला पाणी कधी येईल याची तारीख तोंडोतोंडी फिरत असते आणि पिंप रिकामे ठेवण्याची कोणाची छाती होत नाही. आमच्या सहकाऱ्यांचे नऊ उन्हाळे असे गेले. नऊ वेळा ते मुक्त झाले, नऊ वेळा त्याच कोपऱ्यात येऊन उभे राहिले. शेजारच्या गावांतून गाडीने येणाऱ्या मुलांना कोणती गाडी सुटली तर कोणता तास बुडतो हे त्यांना ठाऊक होते. प्रथम वर्षाला व्याकरणात कच्चा राहिलेला विद्यार्थी तृतीय वर्षाला भाषाविज्ञानात कुठे अडखळेल हे ते आम्हांला आधीच सांगत, आणि आम्ही त्याप्रमाणे आमचा तास बेतत असू. ते घोटा धरीत, आम्ही वाट अडवीत असू. गुणफलकावर निकाल आमचा लागे.

दहाव्या वर्षी त्यांच्या जागी दुसऱ्या उमेदवाराचे नाव आले. उमेदवार अपात्र नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पदव्या अधिक होत्या, शोधनिबंध अधिक होते. मुलाखतीच्या मेजाच्या या बाजूला आमच्यापैकी एक जण बसला होता. उरलेल्या दोघांना संध्याकाळी कळले. कागदावर विभागाची सही आहे, आणि विभाग म्हणजे आम्हीच. कोणी आमचा हात धरून सही करून घेतली नाही. ‘नियमाप्रमाणे गुण’ हे दोन शब्द आम्ही त्या रात्री एकमेकांना दूरध्वनीवर सांगितले आणि त्यांचाच आधार घेऊन झोपलो. नवा उमेदवार दोन महिन्यांत दुसरीकडे रुजू झाला. ते वर्ष व्याकरणाचा तास आम्ही तिघांनी वाटून घेतला. वाटून घेतलेला कोपरा म्हणजे मोकळा कोपरा, हे निकालाने दाखवून दिले.

आम्ही पुणेरी पलटणच्या व्यवस्थापनाला नावे ठेवणार नाही. त्यांनी हिशेब मांडला, जोखीम घेतली, एकदा जिंकले, दोनदा अंतिम सामन्यात हरले, आणि हे सारे उघड्यावर, गुणफलकासमोर झाले. शिवाय कोटींत किंमत असलेल्या खेळाडूला सोडणे आणि तासावर मोजल्या जाणाऱ्या माणसाला सोडणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शादलुईला तीन लिलावांत तीनदा दोन कोटींहून अधिक बोली लागली. आमच्या सहकाऱ्यांसाठी बोली लावणारा दुसरा संघ नव्हता. पूर्वीच्या पिढीतला कबड्डीपटू या भीतीतून थोडा सुटत असे तो रेल्वेच्या, पोलिसांच्या वा बँकेच्या नोकरीमुळे. राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेच्या संघांचा दबदबा उगाच नव्हता. महिन्याचा पगार ज्याला आहे, तो गुडघा झोकून देऊ शकतो. रेल्वेच्या कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या आमच्या गावाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

१५ जुलै हा बुवा साळवींचा जन्मदिवस. महाराष्ट्रात तो कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. आमच्या शैक्षणिक वर्षात तो दिवस नेमका तासिका तत्त्वावरील नेमणुकांच्या धांदलीत येतो. गेल्या खेपेस त्या दिवशी आम्ही सहकाऱ्यांना भेटायला गेलो. ते आता एका खाजगी आस्थापनेत हिशेब लिहितात आणि संध्याकाळी वस्तीतल्या मुलामुलींना मैदानावर घेतात. आम्ही पोहोचलो तेव्हा सराव चालू होता. बारा-तेरा वर्षांची सात मुले ओळीने उभी होती आणि समोर चढाई करणारा कोणीच नव्हता. ते फक्त त्यांना एकमेकांची बोटे धरून डावीकडे, उजवीकडे सरकायला लावत होते. एक मुलगी वारंवार हात सोडून पुढे धावत होती. ते तिला रागावले नाहीत. तिच्या शेजारच्या मुलाला म्हणाले, “ती सुटली ते तुला कळलं का? कळलं नसेल तर चूक तुझी.”

सराव संपल्यावर आम्ही विषय काढला. जागा पुन्हा निघाली आहे, जाहिरात आली आहे, अर्ज करावा, असे सांगितले. या वेळी मुलाखतीच्या मेजावर आम्ही बोलू, असेही म्हणालो. म्हणताना आम्हांला एकमेकांकडे पाहवले नाही. ते टॉवेलने मान पुसत काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, “तृतीय वर्षाचं भाषाविज्ञान यंदा कोण घेतंय?”

आमच्यापैकी ज्यांच्याकडे तो विषय होता ते जूनअखेर निवृत्त झाले होते. त्यांची जागा भरण्याची परवानगी आलेली नव्हती. आम्ही तसे सांगितले. त्यांनी मान हलवली, मैदानावरची चुन्याची डबी उचलली आणि उद्याच्या सरावासाठी पुसट झालेली रेषा पुन्हा आखायला घेतली. आमच्यातला एक जण वाकून दोरीचे दुसरे टोक धरायला गेला.

अर्ज करण्याची शेवटची तारीख तीन दिवसांवर होती.